सिमेंट आणि स्वच्छ पाण्याचें पिंप

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांस थोडें नवल वाटलें असेल. ज्याचा सारा जन्म खडू आणि फळा यांच्या संगतींत गेला, अशा एका जुन्या अकरावीच्या मॅट्रिक शाळामास्तरानें सिमेंटविषयीं लोकांस काय सांगावें? मी इंजिनियर नव्हें, डॉक्टर नव्हें, आणि गवंड्याची थापीही मीं हातांत फारशी धरलेली नाहीं. तरी पण या विषयावर बोलण्याचा मला थोडा अधिकार आहे असें मी समजतों. तो अधिकार विद्वत्तेनें आलेला नसून एका चुकीनें आलेला आहे. ती चूक कोणती, हें योग्य ठिकाणीं सांगेन.

आपण म्हणाल, सिमेंटशीं आम्हां पांढरपेशांचा काय संबंध? तें गवंड्या-बिगाऱ्यांचें काम. पण जरा आपल्या घरांतच नजर टाका. पावसाळा तोंडावर आला कीं गच्चीची भेग बुजवावयाची असते. न्हाणीघरांतील फरशीच्या सांधी पांढऱ्या सिमेंटनें भरावयाच्या असतात. तुळशीवृंदावनाचा टवका उडालेला असतो. "एवढ्याशा कामास गवंडी कशाला?" असें म्हणून आपण एखाद्या फुटक्या घमेल्यांत मूठ-दोन मुठी सिमेंट घेतों आणि हातानेंच कालवूं लागतों. हात उघडे, पाय उघडे, आणि शेजारीं कुतूहलानें वाकून पाहणारें एखादें लेंकरूं. घर बांधावयास काढलें असेल तर विचारावयासच नको. मग महिनेच्या महिने घराचें अंगण म्हणजे सिमेंटचें कोठार होऊन बसतें.

आमच्या जालना जिल्ह्याची तर गोष्टच निराळी. देशभर जाणाऱ्या लोखंडी सळया आमच्या शहरांत तयार होतात. आणि सळई आली कीं तिच्या पाठोपाठ सिमेंट आलेंच. १९७२ च्या दुष्काळांत आमच्या मुलखांतील माणसांनीं खडी फोडून रस्ते केले, तें मीं लहानपणीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. त्याच मुलखांतून आतां नागपूरहून मुंबईस जाणारा ७०१ किलोमीटर लांबीचा समृद्धि महामार्ग गेला आहे. ओढ्यांवरचे सिमेंटचे बांध, शेततळ्यांचे कांठ, घरकुलें, शाळांच्या इमारती, हीं सारीं याच राखाडी पुडीचीं कामें. जी वस्तु इतकी सर्वत्र आहे, तिचा स्वभाव ओळखून ठेवणें हें शहाणपणाचें होय.

हा स्वभाव समजण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. जुन्या वाड्यांच्या भिंती चुन्याच्या असत. चुनखडी भट्टींत भाजावयाची, त्यांतून निघालेला कळीचा चुना हौदांत पाणी घालून विरवावयाचा, आणि मग बैलाच्या घाणींत वाळूबरोबर तो मळून घ्यावयाचा, अशी ती रीत होती. कळीच्या चुन्यावर पाणी पडलें कीं तो खदखदतो, वाफा सोडतो, हौद तापून निघतो. तो भयंकरपणा डोळ्यांस दिसत असल्यामुळें मुलें आपोआप दूर राहत. पुढें १८२४ सालीं इंग्लंडांतील लीड्स गांवच्या जोसेफ अ‍ॅस्पडिन नांवाच्या एका गवंड्यानें पोर्टलंड सिमेंटचें पेटंट घेतलें. घट्ट झाल्यावर तें तिकडील पोर्टलंड बेटाच्या प्रसिद्ध दगडासारखें दिसे, म्हणून तें नांव. आपल्या देशांत पोरबंदरच्या कारखान्यांतून १९१४ सालीं सिमेंट निघूं लागलें. पुढें थोड्याच वर्षांत, ज्या निजामी राज्यांत तेव्हां आपला मराठवाडा होता, त्या राज्यांत शहाबाद येथेंही कारखाना उभा राहिला. हळूहळू चुन्याच्या घाणी बंद पडल्या आणि सिमेंटचें राज्य सुरू झालें.

पण चुना खरोखर गेला का? नाहीं, तो केवळ वेष पालटून आला. सिमेंट करावयाचें म्हणजे चुनखडी आणि चिकणमाती एकत्र करून सुमारें १४५० अंश उष्णतेवर भाजावयाची, त्या भाजण्यानें झालेले खडे थोड्या जिप्समबरोबर दळावयाचे. हें पीठ कोरडें असेपर्यंत बरेंच निजलेलें असतें. पाणी लागलें कीं तें जागें होतें. तें घट्ट होऊं लागतें, आणि त्याच वेळीं त्यांतून विरलेला चुना सुटतो. म्हणजे ओलें सिमेंट हातांत घेणें म्हणजे दगड होऊं पाहणाऱ्या राखेबरोबर ओला चुना हातांत घेणें होय.

हा चुना किती तीव्र असतो? आम्लता आणि क्षारता मोजण्याची शून्यापासून चौदापर्यंत एक पट्टी असते. शुद्ध पाणी ७ वर असतें. आपली कातडी किंचित् आम्ल, साडेपांचाच्या आसपास. ओलें सिमेंट १२ ते १३ वर असतें. या पट्टीवर एक पायरी चढणें म्हणजे दसपट होणें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे ७ पासून १२ पर्यंत लाखपट अंतर पडतें. ज्यांस हे आंकडे नकोत, त्यांनीं घरच्या हळदीस विचारावें. कागदावर हळदीचें पाणी लावून वाळवा आणि त्यावर सिमेंटच्या निवळीचा एक थेंब टाका. पिवळा कागद तत्काळ लाल होईल. हळदीस क्षार लागला कीं ती लाल होते, आणि जुन्या पद्धतीचें कुंकू याच गुणावर होत असे. हा प्रयोग मीं वर्गांत वर्षानुवर्षें करून दाखविला. पण प्रयोग दाखविणें निराळें आणि त्याचा अर्थ वेळेवर आठवणें निराळें.

आतां ती चूक सांगतों.

गोष्ट १९८८ सालच्या मार्च महिन्यांतली. अंबड तालुक्यांतील एका लहान गांवीं मी शिक्षक होतों. शाळेच्या एका खोलीस गिलावा करावयाचा होता. गांवानें वर्गणी काढली, गवंडी मिळाला, आणि बिगाऱ्याची मजुरी वांचावी म्हणून मीं सातवीच्या मुलांस श्रमदानास लाविलें. मुलांस त्याचा अभिमान वाटला आणि मला मुलांचा. एक चुणचुणीत मुलगा, त्याचें नांव येथें घेत नाहीं, डोक्यावरचें घमेलें दोन्ही हातांनीं वर उचलून पाहाडावरील गवंड्यास देत होता. घमेल्याच्या कांठावरून पातळ मालाचा एक ओघळ खालीं आला आणि वर पाहणाऱ्या त्याच्या उजव्या डोळ्यांत पडला.

त्याची आई जवळच वाळू चाळीत होती. ती धांवत आली. हातांत पाण्याचा तांब्या होता. त्या अडाणी म्हणविल्या जाणाऱ्या बाईस जें उमजलें, तें मला उमजलें नाहीं. आदल्याच आठवड्यांत मीं वर्गांत शिकविलें होतें, कीं चुन्यावर पाणी पडलें असतां उष्णता उत्पन्न होते. तें पुस्तकी वाक्य माझ्या डोक्यांत लख्खकन् चमकलें आणि मीं तिचा हात धरला. "बाई, पाणी लावूं नका. चुना तापेल, डोळा भाजेल." असें मीं सर्वांदेखत अधिकारवाणीनें सांगितलें. मग धोतराच्या सोग्यानें डोळा टिपला, कोणीसें तूप आणलें तें वर घातलें, आणि पट्टी बांधून मुलास घेऊन निघालों. फाट्यापर्यंत मोटारसायकल, तेथून एस. टी.; जालन्यास डॉक्टरांसमोर मुलगा बसला तेव्हां दीड तास होऊन गेला होता. वाटेंत तो फारसा रडलाही नाहीं. त्यामुळें मला उगाच धीर आला होता.

डॉक्टरांनीं पट्टी काढली आणि औषध, मलम कांहीं एक न घालतां पहिल्यानें पाण्याची धार सुरू केली. बाटलीमागून बाटली रिकामी होत होती. पाऊण तास ते डोळा धूत होते. मग माझ्याकडे न पाहतांच त्यांनीं विचारलें, "हें तेथेंच का केलें नाहीं?" मीं कारण सांगितलें. ते कांहीं बोलले नाहींत. मुलाचा डोळा राहिला, पण बुबुळावर पांढरें फूल पडलें. त्या डोळ्यास उजेड कळतो, माणसाची आकृति कळते. अक्षर कळत नाहीं. तो मुलगा आतां पन्नाशीस आला आहे. शेती करतो, नातवंडें खेळवितो, आणि भेटला म्हणजे अजून वाकून नमस्कार करतो. त्याच्या आईनें मला कधीं एका शब्दानें बोल लाविला नाहीं. श्रोतेहो, तिनें बोल लाविला असता तर तें सोसावयास सोपें गेलें असतें.

माझा तर्क कोठें चुकला? कळीच्या चुन्यास थोडें पाणी मिळालें तर तो तापतो, हें खरें. पण मुलाच्या डोळ्यांत पडलेला माल आधींच कालविलेला होता. त्यास जें पाणी लागावयाचें तें लागलेलेंच होतें. आणि पीठ कोरडें असतें तरी काय? डोळ्यांत अश्रु असतात, अंगावर घाम असतो. सिमेंटला जागें करण्यापुरतें पाणी शरीर स्वतःच पुरवितें. तेव्हां प्रश्न पाणी लावावें कीं न लावावें हा नव्हेच. थोडें लावावें कीं पुष्कळ, हा आहे. थोडें पाणी चुन्यास जागा करतें, पुष्कळ पाणी त्यास वाहून नेतें. आजच्या साऱ्या भाषणांतील एवढें एकच वाक्य आपल्या स्मरणांत राहिलें तरी मी कृतार्थ होईन.

मग तूप? तें तर पाण्याहून वाईट ठरलें. तेल आणि दाहक क्षार एकत्र आले म्हणजे साबण होतो, हें आपण जाणतां. ओला चुना बोटांत चोळला असतां बुळबुळीत लागतो, तो आपल्याच कातडीवरील स्निग्धांशाचा साबण होऊं लागल्यामुळें. आम्ल अंगावर पडलें तर तें मांसांतील प्रथिनें गोठवितें, आणि तो गोठलेला थर त्याच्या पुढच्या वाटेंत कांहींसा आड येतो. क्षाराचें तसें नाहीं. तो स्निग्धांश विरघळवीत आंत आंत शिरत जातो, आणि तेथें असेपर्यंत काम करीत राहतो. तुपाचा थर वर बसला कीं खालचा चुना पाण्यास दाद देत नाहीं. हळद, शाई, दंतमंजन, टूथपेस्ट यांचेंही तसेंच. व्हिनेगर किंवा लिंबू पिळून क्षार मारावा असें कोणा रसायन शिकलेल्या मुलास सुचेल. तेंही घरीं करूं नये. त्या खटाटोपांत वेळ जातो आणि भाजलेल्या जागीं आम्लाची आणखी भर पडते.

सिमेंटचा दुसरा कपटीपणा असा, कीं तें कातडीवर लागल्याबरोबर बोलत नाहीं. विस्तवाचा चटका लागला तर हात आपोआप मागें येतो. ओलें सिमेंट थंडगार लागतें. कोब्यावर गुडघे टेकून फरशी बसविणारा माणूस दोन-तीन तास तसाच काम करतो. विजारीचा गुडघा भिजलेला असतो, पण दुखत कांहीं नसतें. संध्याकाळीं आग होऊं लागते, आणि दुसऱ्या दिवशीं पाहावें तों गुडघ्यावर जांभळट-काळा चट्टा पडून कातडी मेलेली असते. गमबुटांत वरून माल शिरला आणि तो तसाच ठेवून काम चालविलें, तर पोटरीचें तेंच होतें. अशा जखमांस कधीं कधीं दुसरीकडची कातडी काढून लावावी लागते. म्हणून नियम असा ध्यानांत धरावा, कीं सिमेंट दुखूं लागलें म्हणजे धुवावयाचें नसतें. लागलें म्हणजे धुवावयाचें असतें.

तिसरी गोष्ट खाजेची. पुष्कळ जुन्या गवंड्यांचे हात आपण पाहिले असतील. कातडी जाड, भेगाळलेली, बोटांच्या बेचक्यांत लाल. सिमेंटमध्यें क्रोमियम धातूचा एक क्षार अल्प प्रमाणांत असतो. कित्येकांच्या शरीरास त्याचें वांकडें पडतें, आणि एकदां तें पडलें कीं बहुधा जन्मभर सुटत नाहीं. मग नुसता हात लागला तरी खरूज उठते. युरोपांतील देशांनीं २००५ सालापासून सिमेंटमधील या क्षाराचें प्रमाण दहा लाख भागांस दोन भागांवर जाऊं नये असें बंधन घातलें, आणि त्यासाठीं कारखान्यांत सिमेंटमध्यें हिराकस घालण्याची पद्धत पडली. गवंड्याच्या भेगाळलेल्या हातास आपण सवयीचा हात म्हणतों. तो खरोखर आजारी हात असतो.

आतां काम करतांना काय करावें तें थोडक्यांत सांगतों.

हातांत लांब रबरी हातमोजे असावेत. कापडी मोजे माल शोषून घेतात आणि तो कातडीस चिकटवून ठेवतात. त्यापेक्षां उघडा हात बरा, निदान तो धुतला तरी जातो. पायांत गमबूट असावेत आणि विजार बुटाच्या आंत न खोंवतां बाहेर सोडावी, म्हणजे ओघळ आंत शिरत नाहीं. गुडघे टेकावयाचे असतील तर खालीं फळी किंवा जाड रबर घ्यावें. पोतें फोडतांना आणि डोक्यावरच्या उंचीवर काम करतांना डोळ्यांवर बंद कडांचा चष्मा असावा. पोतें वाऱ्याकडे पाठ करून हलक्या हातानें उघडावें. उंचावरून आपटून ओतूं नये. नाकातोंडावर चांगला मास्क बांधावा. कोरडी धूळ झाडूनें उडवूं नये, पाणी शिंपडून ओली करून गोळा करावी. फरशी किंवा काँक्रीट यंत्रानें कापावयाचें असेल तर पाणी सोडूनच कापावें. त्या धुळींतील वाळूचे सूक्ष्म कण फुप्फुसांत बसले कीं पुन्हां निघत नाहींत. पोतें पन्नास किलोंचें असतें. तें दोघांनीं उचलावें.

आमच्याकडील बायाबापड्यांसाठीं एक विशेष सूचना. हातांतील बांगड्या, बोटांतील अंगठी, पायांतील जोडवीं यांच्याखालीं माल जाऊन बसतो आणि वरून हात धुतला तरी तेथें तसाच राहतो. कामास लागण्यापूर्वीं तीं काढतां आलीं तर उत्तम. रूढीमुळें जोडवीं काढावयाचीं नसतील, तर जेवणाच्या सुटींत आणि घरीं जातांना तीं सरकवून खालची जागा धुवावी. आणखी एक. गवंडी थापी-रंधा ज्या बादलींत बुचकळतो, तिच्यांतच सारे हात धुतात. ती बादली म्हणजे चुन्याचीच निवळी. त्यांत हात धुणें म्हणजे मीठ लागलेला हात समुद्रांत धुणें.

एवढें करूनही माल अंगावर उडालाच, तर काय करावें?

अंगावर कोरडें पीठ असेल तर तें आधीं हलकेच झटकून टाकावें. माल लागलेले कपडे, मोजे, बूट, घड्याळ लगेच काढावें, लाजूं नये. मग वाहत्या स्वच्छ पाण्याखालीं ती जागा निदान वीस मिनिटें धरावी. वीस मिनिटें म्हणजे घड्याळाचीं, अंदाजाचीं नव्हेत. नंतर सौम्य साबणानें धुऊन कोरडें करावें. जागा लाल होऊन तशीच राहिली, फोड आले, कातडी पांढरी किंवा काळसर दिसूं लागली, तर स्वच्छ फडकें सैल गुंडाळून डॉक्टरांकडे जावें आणि "सिमेंट लागलें होतें" हें त्यांस आवर्जून सांगावें. तोंडांत गेलें असल्यास चुळा भराव्या, शुद्धीवर असल्यास घोटभर पाणी प्यावें, ओकारी मुद्दाम काढूं नये, आणि दवाखाना गांठावा. धूळ छातींत गेली असल्यास मोकळ्या हवेंत बसावें. खोकला किंवा धाप थांबत नसल्यास डॉक्टरांस दाखवावें.

डोळ्यांत गेलें तर मात्र क्षणाचाही विचार करूं नये. डोळा चोळूं नये. माणसास बसवून किंवा निजवून त्याचें डोकें असें कलतें करावें, कीं ज्या डोळ्यांत माल गेला तो खालच्या अंगास येईल. नाहींतर तें पाणी दुसऱ्या चांगल्या डोळ्यांत जातें. मग दोन बोटांनीं पापण्या दूर धराव्या. डोळा आपोआप मिटतो आणि मूल धडपडतें, म्हणून एकानें धरावें आणि दुसऱ्यानें धुवावें. तांब्यानें नाकाकडून कानाकडे जाईल अशी हलकी, अखंड धार धरावी. मधून मधून डोळा वर, खालीं, दोन्ही बाजूंस फिरवावयास सांगावें. चुन्याचे कण वरच्या पापणीच्या आड दडून बसतात. डोळ्यांत बसविलेलें भिंग असेल तर तें काढावें. चिकटलेला खडा सुईनें किंवा काडीनें उकरूं नये. वीस ते तीस मिनिटें असें धुवावें आणि मगच निघावें. वाटेंत धार चालू ठेवतां आली तर फारच चांगलें. १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी, पण गाडी येईपर्यंत हात थांबवूं नये. दूध, मध, गुलाबपाणी, तूप, एरंडेल, घरांत पडलेले जुने थेंब, यांतलें कांहीं एक घालूं नये. धुतल्यावर बरें वाटलें तरी नेत्रवैद्यास त्याच दिवशीं दाखवावें. क्षाराचें काम उशिरां दिसतें, हें मी मघाशीं सांगितलेंच.

हाच उपाय पानाच्या चुन्यासही लागू आहे. घरीं सिमेंट नसलें तरी चुन्याची डबी किंवा पुडी पुष्कळ घरीं असते. मुलें ती दोन बोटांत दाबून पाहतात. पुडी फुटते आणि चुना थेट डोळ्यांत उडतो. अशीं मुलें घेऊन येणारे आईबाप नेत्रवैद्यांस नवीन नाहींत. म्हणून चुन्याची पुडी औषधाच्या बाटलीसारखी उंचावर ठेवावी.

आतां एक आक्षेप मला ऐकूं येतो. "मास्तर, वीस-वीस मिनिटें पाणी ओता म्हणतां, जालन्यांत पाणी आहे कोठें?" हा आक्षेप खोटा नाहीं. २०१२-१३ च्या दुष्काळांत आमच्या शहराची पाण्यावांचून जी दैना झाली, ती ज्यांनीं भोगली त्यांस तांब्याभर पाण्याचें मोल सांगावयास नको. पण थोडा हिशेब करूं. तांब्याची बारीक धार मिनिटास सुमारें एक लिटर धरली, तर वीस-पंचवीस मिनिटांस वीस-पंचवीस लिटर पाणी लागतें. आणि सिमेंटचें एक पोतें कालवावयास? तेंही पंचवीस लिटरच्या आसपास. म्हणजे एका पोत्याच्या पाण्यांत एक डोळा वांचतो. जेथें पाणी नाहीं तेथें सिमेंटचें काम चालूच शकत नाहीं. भिंतीस सात-सात दिवस पाणी मारावयास आपण टँकर मागवितों. भिंतीसाठीं पाणी आहे आणि माणसासाठीं नाहीं, असें कसें म्हणतां येईल?

तेव्हां माझी प्रत्येक गृहस्थास विनंति आहे. घर बांधावयास काढाल तेव्हां भूमिपूजनाच्या नारळाबरोबर एक झांकणाचें पिंप आणि एक तांब्या आणा. पिंप स्वच्छ पाण्यानें भरून सावलींत ठेवा. त्यांत थापी बुडवूं देऊं नका, त्यांतून माल कालवूं देऊं नका. "हें पाणी डोळ्यांसाठीं आहे", असें त्यावर रंगानें लिहा. ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांस पहिल्या दिवशीं तोंडानें सांगा. रबरी मोज्यांची एक जोडी आणि एक चष्मा यांस जो खर्च येतो, तो साऱ्या बांधकामाच्या खर्चांत कोठें दिसतही नाहीं. बिगारी बाईचें तान्हें मूल मालाच्या ढिगाशेजारीं झोळींत निजलेलें दिसलें, तर त्यास ओसरीवर जागा द्या. ज्यांच्या हातांनीं आपल्या डोक्यावर छप्पर येतें, त्यांच्या हातांची जबाबदारी ठेकेदाराची, असें म्हणून आपली सुटका होत नाहीं. श्रमदानाच्या नांवाखालीं लहान मुलांच्या हातीं माल देण्याचें पाप तर कोणींच करूं नये. मीं तें केलें आहे.

१९८८ नंतर माझ्या नोकरींत आणखी तीन शाळांचीं बांधकामें झालीं. प्रत्येक वेळीं पहिलें पोतें फुटण्यापूर्वीं पिंप भरून ठेवण्याचा माझा हट्ट असे. गवंडी हंसत. एक मिस्त्री तर मला "पिंपवाले मास्तर" म्हणूं लागला. पुढें एका दुपारीं त्याच्याच डोळ्यांत गिलाव्याचा शिंतोडा उडाला. मीं त्यास खालीं बसविलें, त्याच्या सोबत्यानें पापण्या धरल्या, आणि मीं घड्याळ समोर ठेवून अर्धा तास तांब्यामागून तांब्या रिकामा केला. नंतर डॉक्टरांनीं डोळा तपासला आणि निर्धास्त राहा म्हणून सांगितलें. आठ दिवसांनीं तो त्याच पाहाडावर उभा राहून ओळंबा धरीत होता.

त्या दिवशीं घरीं जातांना मला आनंद झाला हें खरें; पण त्याहून अधिक आठवण झाली ती त्या बाईच्या हातांतील तांब्याची, जो मीं अडविला होता. पाणी तेव्हांही तेथेंच होतें. आपल्या घरीं तसा प्रसंग न येवो. आला तर तांब्या घेऊन धांवणाऱ्या हातास कोणी अडवूं नये, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतों.